मिनिटाला पंचेचाळीस फेरे

माझ्या गिरणीचा पट्टा जरासा घसरला तरी मला आत स्वयंपाकघरात कळतं. तव्यावर भाकरी असो, फोनवर मुलगा असो, मी तशीच उठून बाहेर जाते. ही बढाई आहे. पण अठ्ठावीस वर्षं पिठाची गिरण चालवलेल्या बाईला एवढी बढाई शोभते असं माझं मत आहे, आणि ज्याला ते पटत नसेल त्यानं आपलं दळण दुसरीकडं न्यावं.

हा कान मला मामांनी दिला. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. लग्न होऊन मी या पेठेत आले तेव्हा मराठी घेऊन बी.ए. झालेली होते आणि पट्टा म्हणजे कमरेचा, एवढंच मला ठाऊक होतं. नवरा कागलच्या कारखान्यात पाळीनं जायचा, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि मामांच्या गुडघ्यांनी नुकताच संप पुकारला होता. तेव्हा एका सकाळी मामांनी मला गिरणीत उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. गिरण मोकळी सुरू केली, मग दाणे सोडले, मग मुद्दाम पट्टा सैल करून फिरवली, आणि प्रत्येक वेळी विचारलं की आवाजात काय बदललं. मला वाटलं, म्हातारा नव्या सुनेची फिरकी घेतोय. पण आठवडाभरात मला सैल पट्टा कळायला लागला, आणि महिन्याभरात ज्वारी ओली आहे की वाळलेली, तेही आवाजावरून सांगता यायला लागलं. ओली ज्वारी आणून वर तोंड करून भांडणाऱ्या बायकांना मी आजही डोळे मिटून परत पाठवते.

मामांचा कान असा तयार कसा, याचं उत्तर त्यांच्या ट्रंकेत होतं. मामा दिवसा गिरण चालवायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी गुंड्या, आणि वरातीच्या पुढं चालताना घोड्यालासुद्धा ताल सांगणारी बोटं. मी आले तेव्हा कोट कसरीनं खाल्ला होता आणि दातांनी दगा दिल्यामुळं वाजवणं थांबलं होतं. बोटं मात्र थांबली नव्हती. टीव्हीवर काही लागलं की त्यांची बोटं मांडीवर आपोआप चालायची.

आता त्या तबकडीची गोष्ट, जिच्यापायी हे सगळं झालं. मामांना आयुष्यात एकदाच मुंबईला रेकॉर्डिंगसाठी नेलं होतं. देवीच्या गाण्याची छोटी तबकडी निघायची होती, नेहमीचा क्लॅरिनेटवाला तापानं पडला, आणि कुणीतरी मामांचं नाव सुचवलं. मामा एस्टीनं गेले, वाजवलं आणि परत आले. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव होतं, चाल लावणाऱ्याचं होतं, वाजवणाऱ्यांचं कुणाचंच नव्हतं. मामांना ती कुणी दिली नाही आणि घरात वाजवायचं यंत्र नव्हतं म्हणून त्यांनी मागितलीही नाही. पुढं हवीशी वाटली तेव्हा कुठं मिळेना. माझ्या मुलानं पुण्याहून इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. तेच गाणं दुसऱ्याच कुणाच्या आवाजात सापडलं, आणि त्यात क्लॅरिनेट नव्हतंच.

गल्लीनं त्याची थट्टा केली नसती तर ती गल्ली कोल्हापूरची कसली. समोर राहणारे आबा, एस्टीचे निवृत्त ड्रायव्हर, मामांच्याच वयाचे आणि दोस्तीतलेच. पण जिभेला हाड नाही. न आलेल्या गोष्टीला त्यांनी ‘मामांची रेकॉर्ड’ असं नाव ठेवलं. पाण्याचा टँकर आला नाही की मामांची रेकॉर्ड. कुणाचं ठरलेलं लग्न लांबलं की मामांची रेकॉर्ड. पोराटोरांच्या तोंडी ते बसलं. मामा हसून सोडून द्यायचे, आणि मला त्या हसण्याचाच राग यायचा.

मी मात्र तबकडी न बघताही त्यांच्यावर विश्वास ठेवून होते, कारण मामा ती गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी त्यात आपली चूकही सांगायचे. दुसऱ्या कडव्याच्या आधी क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा होता. त्यातला शेवटचा सूर लांब धरायचा होता. प्रवासात झोप झाली नव्हती, छातीत कफ होता. सूर धरता धरता दम संपला आणि मधेच श्वास घ्यावा लागला. सूर तुटला. काचेपलीकडच्या माणसानं हातानंच पुढं चला म्हटलं आणि ते तसंच छापलं गेलं. हे सांगताना मामा अजूनही खाली बघायचे. फुशारकी मारणारा माणूस स्वतःची फजिती कशाला घालेल त्यात? मी हे आबांना एकदा सुनावलंही होतं. आबा म्हणाले, खोटं पचवायला थोडं मीठ लागतंच.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या दळणाच्या गिऱ्हाइकांतल्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, घर आवरून भाचीकडं राहायला निघाल्या. जाताना त्यांनी मला रिक्षातून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचं खोकं आणून दिलं. त्यांचे यजमान गाण्याचे शौकीन होते, ते गेल्यापासून यंत्र बंद होतं. भंगारात द्यायला हात धजत नाही, तू यंत्रातली आहेस, तूच ठेव, म्हणाल्या. यंत्रातली आहेस, हे शब्द मला इतके आवडले की मी त्यांना दोन किलो थालीपिठाची भाजणी दिली.

खोकं मी गिरणीच्या ओट्यावरच उघडलं. खालून चौथी तबकडी छोटी होती. तिच्यावर देवीच्या त्या गाण्याचे पहिले शब्द होते आणि मामा सांगायचे त्याच गाणारीचं नाव. माझे हात पिठाचे होते. ते मी पदराला पुसले आणि तबकडी मामांच्या हातात दिली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. मीच वेडी, मी अख्खी गल्ली गोळा केली.

रविवारची दुपार होती. गिरण बंद केली, ओटा धुतला, मामांना खुर्ची दिली. आबा अर्थातच पहिल्या रांगेत. माझ्या नवऱ्यानं तबकडी लावली, सुई ठेवली आणि गाणं सुरू झालं. गाणारी घाईत असल्यासारखी गात होती, आवाज जरा पोरगेलासा आणि चढा, आणि दर थोड्या वेळानं अख्खं गाणं एक उचकी देत होतं. क्लॅरिनेटचा तुकडा आला. मामांची बोटं मांडीवर उठली, दोन-तीन सुरांपर्यंत गेली आणि अडखळली. परत उठली, परत मागं पडली. मग त्यांनी दोन्ही हात एकमेकांत धरून ठेवले. तुकडा संपला, दुसरं कडवं सुरू झालं. सगळे मामांच्या तोंडाकडं बघत होते.

“त्यो मी न्हवं,” मामा म्हणाले. “माझी बोटं अशी पळत न्हाईत.”

कुणी हसलं असतं तर मी भांडले असते. पण कुणी हसलं नाही. आबासुद्धा चप्पल घालून मुकाट्यानं निघून गेले, आणि ते मला फार लागलं.

संध्याकाळी मामा मला म्हणाले, माझं वाजवलेलं काढून टाकलं असेल. दम तुटला होता ना. नंतर तो तापातून उठलेला माणूस आला असेल, त्याच्याकडून परत वाजवून घेतलं असेल. हे सगळं ते शांतपणे बोलले, जणू पन्नास वर्षं त्यांना हे माहीतच होतं. दुसऱ्या दिवसापासून ते ओट्यावर बसायचे बंद झाले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, रोज संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा, तो आत कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. ऊन लागतं म्हणायचे. संध्याकाळचं कसलं आलंय ऊन.

मी चूक कुठं केली ते मला दोन दिवसांनी माझ्याच गिरणीनं सांगितलं. आमचा पट्टा चपटा, सलग नाही; दोन टोकं पत्र्याच्या दातांनी जोडलेली असतात. तो जोड दर फेऱ्याला पुलीवरून जाताना टक् करतो. अठ्ठावीस वर्षं ऐकलेली ती टक् त्या दिवशी मला नव्यानं ऐकू आली, आणि डोक्यात आलं की गाण्यातली उचकी हीच. त्या यंत्रातसुद्धा पट्टा आहे आणि त्याला जोड आहे. मी दळण अर्ध्यावर सोडून आत गेले.

आधी मोजून घेतलं. त्या छोट्या तबकडीवर पंचेचाळीस हा आकडा छापलेला आहे. म्हणजे ती मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरली पाहिजे, ना एक जास्त, ना एक कमी. मी कपाळावरची टिकली काढून फिरणाऱ्या थाळीच्या कडेला चिकटवली. नवऱ्याला फोनमधलं घड्याळ धरायला बसवलं आणि टिकली समोर आली की मोजत गेले. तीन मिनिटांत एकशे पस्तीस व्हायला हवेत. एकशे एक्केचाळीस झाले. परत मोजले, परत तेवढेच. नवरा म्हणाला, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय. मी त्याला म्हटलं, तुझी पाळी रोज वीस मिनिटं आधी सुरू केली तर चालेल का. मग तोही मोजायला लागला.

थाळी उचलली. खाली एका बाजूला मोटरची इवलीशी पितळी पुली, आणि तिच्यापासून आतल्या मोठ्या चाकापर्यंत गेलेला रबरी पट्टा. पुलीला मधे किंचित पोट होतं. ते बघून मला हसू आलं, कारण माझ्या गिरणीच्या पुलीलाही तसंच पोट आहे; पट्टा नेहमी उंचवट्याकडं चढतो, म्हणून मधे पोट ठेवलं की तो बाजूला घसरत नाही. ही युक्ती मला मामांनी पहिल्या महिन्यातच दाखवली होती. पण पट्टा यंत्राचा नव्हता. बाईंच्या यजमानांनी बिचाऱ्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, सोल्यूशननं चिकटवून तो घरीच केला होता. जोड चांगला फुगलेला होता. उचकी सापडली.

पळण्याचं कारण सापडायला मात्र मला डोकं खाजवावं लागलं नाही, कारण ती चूक मी स्वतः गिरणीवर करून बसले होते. एकदा स्वस्त मिळाला म्हणून जाड पट्टा आणला. गिरण जोरात पळायला लागली, पीठ कढत पडायला लागलं, आणि भाकरी तुटतात म्हणून बायका भांडायला आल्या. मोठ्या पुलीवर जाडीचा फरक दिसत नाही, पण मोटरची पुली लहान, तिच्यावर जाड पट्टा चढला की ती पुलीच जणू मोठी होते आणि पुढचं चाक जास्त पळवते. मामांनी तेव्हा मला पट्टा गुंडाळून दाखवला होता. म्हणजे मला शिकवलेलं सगळं होतं. मी ते गिरणीपुरतं ठेवलं होतं, एवढंच.

ट्यूबची पट्टी घेऊन मी उद्यमनगरात गेले. तिथं एक लेथवाले आहेत, माझ्या पुल्या तेच घासून देतात. त्यांनी पट्टी मापली, सव्वा मिलिमीटर भरली. मी सोबत काढून नेलेली पितळी पुली मापली, तेरा. बाकीचं गणित मी त्यांच्या बाकड्यावरच्या खडूनं तिथल्या पत्र्यावर केलं: सत्तेचाळीसचे पंचेचाळीस करायचे तर पट्टा अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच जाड हवा. लेथवाल्यांनी गणित तपासलं आणि मला चहा सांगितला. त्या चहाचा अभिमान मला बी.ए.च्या पदवीपेक्षा जास्त आहे.

मुलानं पुण्याहून बिनजोडाचा, मी सांगितलेल्या जाडीचा पट्टा मागवून पाठवला. तो आला त्या दुपारी मी पुली राकेलनं पुसून घेतली, पट्टा चढवला आणि हात सवयीनं फळीवरच्या डब्याकडं गेला. गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून आम्ही त्याला राळ लावतो. नवा पट्टा चढवला की राळ, हे माझ्या हाताला इतकं पाठ की डोक्याला विचारायची गरजच पडत नाही. लावली. थाळी फिरली ती धरत-सोडत, चिकटत-सुटत; पहिली उचकी बरी होती असं म्हणायची पाळी आली. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात आतून, भिंतीकडं तोंड केलेल्या कॉटवरून, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून आवाज आला.

“राळ लावलीस व्हय त्येला?”

वास गेला होता आतपर्यंत. मामा काठी टेकत बाहेर आले, पट्ट्याला बोट लावून बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पहिल्याच दिवशी गिरणीत उभी आहे. मला इतका आनंद झाला की शरमायचं राहूनच गेलं. पट्टा साबणानं धुतला, पुली स्पिरिटनं पुसली, आणि पट्टा दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. मामा तिथंच खुर्ची ओढून बसले, पट्टा वाळेपर्यंत.

वाळल्यावर चढवला. टिकली, घड्याळ, तीन मिनिटं. एकशे पस्तीस. मी ओरडणारच होते. मामांनी विचारलं, सुई ठेवलेली का? म्हटलं, नाही, नुसती थाळी फिरवून मोजली.

“मोकळी गिरण फिरवून काय कळतंय? दाणं टाक की.”

पहिल्या दिवशी डोळे मिटायला लावून हेच तर शिकवलं होतं मला. गिरण मोकळी असताना सगळ्यांचीच नीट चालते. खरी परीक्षा दाणे पडल्यावर. खोक्यातली दुसरीच एक तबकडी लावली, कारण मामांची तबकडी मी कपाटात ठेवली होती आणि सगळं नीट झाल्याशिवाय ती काढायची नाही असं ठरवलं होतं. सुई टेकवून मोजलं तर एकशे तेहतीस आणि वर थोडं. म्हणजे सुईच्या एवढ्याशा ओझ्यानं थाळी दमत होती. मामा म्हणाले, आस बघ. थाळी ज्या आसावर फिरते तो बाहेर काढला तर त्याचं तेल वाळून डिंक झालेलं. ते पुसून काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. परत सुई, परत टिकली. एकशे पस्तीस. मामांनी स्वतः मोजलं. नंतर मुलानं पाठवलेला रेघांचा कागदही थाळीवर ठेवून बघितला; वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली फिरत्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. न लुकलुकणाऱ्या नव्या एलईडी दिव्याखाली तो काहीच सांगेना, पण गिरणीतल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली त्याच्या रेघा जवळजवळ जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती ट्यूब बदल म्हणून नवरा दोन वर्षं मागं लागला होता. आता नाव काढत नाही.

एवढं झालं तरी मामांची तबकडी लावायला माझा हात उठेना. यंत्र बरोबर होतं, त्याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. पण मामांचं खरं असलं तर? खरंच दुसऱ्याचं वाजवणं छापलं गेलं असलं तर? यंत्र चुकीचं होतं तोवर आशेला जागा होती; आता मी ती जागा स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, मग आधी मामांना एकट्यांना ऐकव. शहाणा सल्ला होता. मामाही तेच म्हणाले, की माणसं बोलवू नको.

मी बोलावली. ज्या गल्लीसमोर ते ‘त्यो मी न्हवं’ म्हणाले होते, त्याच गल्लीसमोर काय व्हायचं ते होऊ दे, असं मला वाटलं. हा माझा हट्ट होता आणि तो अंगाशी आला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आबांना आणायला मी स्वतः गेले. ते नको नको म्हणत होते. त्यांना म्हटलं, आबा, पन्नास वर्षं चेष्टा केलीत, आता तीन मिनिटं बसा.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की गाणारी बाई पोरगी नाही, भरल्या गळ्याची आहे. घाई नव्हती, उचकी नव्हती. मामा हात एकमेकांत धरून बसले होते. क्लॅरिनेटचा तुकडा आला तेव्हा त्यांचा उजवा हात सुटला, मग डावा. बोटं मांडीवर उतरली आणि चालायला लागली. मी सुईकडं बघायचं सोडून बोटांकडं बघत होते. ती मागं पडत नव्हती. अडखळत नव्हती. सूर वळेल तिथं वळत होती, थांबेल तिथं थांबत होती, आणि एका ठिकाणी तर सुराच्या आधीच बोट उचललं गेलं, पुढं काय येणार ते त्याला ठाऊक असल्यासारखं.

तरी माझा जीव भांड्यात पडला नव्हता. बोटांना चालही पाठ असू शकते. लांब सूर आला. मामांची बोटं एका जागी दाबलेली, छाती भरलेली, डोळे मिटलेले. सूर चालला, चालला, आणि मधेच तुटला. सगळ्यांना ऐकू आला असा घाईघाईचा, कफाचा, घुसमटलेला श्वास, आणि मग सूर परत उचलला गेला, पहिल्यापेक्षा किंचित हलका. पहिल्या वेळी दर फेऱ्याला यंत्रच अडखळत होतं, त्या गर्दीत हा श्वास कुणाला वेगळा कळणार होता? आता अख्ख्या गाण्यात अडखळण्याची ती एकच जागा होती. आणि त्या जागी, तबकडीतला माणूस श्वास घेत होता त्याच क्षणी, खुर्चीवरच्या मामांनीही श्वास घेतला.

दुसरं कडवं सुरू झालं, संपलं. मी सुई उचलली. मामांनी डोळे उघडले.

“ही माझी चूक,” ते म्हणाले. “मीच हाय त्यो.”

आबा उठले. मला वाटलं, हे आता काहीतरी बोलून सगळ्याचं वाटोळं करणार. ते मामांच्या खुर्चीजवळ गेले, मामांचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. मी नाही पुसले. माझी मान ताठ होती आणि मला ती तशीच ठेवायची होती. या माणसानं मला कान दिला होता, आणि त्या कानानं, टिकलीनं, दोन थेंब तेलानं मी त्याला त्याचा श्वास परत मिळवून दिला होता. माझ्या हातून आयुष्यात दळण सोडून दुसरं काही झालं नसतं तरी आता चाललं असतं.

माणसं उठायला लागली तसं मामांनी मला काठीनं खुणावलं. मी वाकले. मला वाटलं, पाणी मागतील.

“परत लाव पोरी,” मामा म्हणाले. “ती चूक परत एकदा ऐकू दे.”